कैरीच्या खाराची मार्टिनी

हे माझ्या तोंडून अजून एकदाही बाहेर पडलेलं नाही. बायकोला माहीत नाही, मित्रांना माहीत नाही, आणि जिला माहीत असायला हवं तिला तर नाहीच. दोन-तीनदा अगदी ओठांवर आलं होतं. मग चहा आला, कुणाचा तरी फोन आला, दारावरची बेल वाजली. गप्प बसायचंच असलं की माणसाला काहीही निमित्त पुरतं, नाही का?

कुठून सुरुवात करू? जिनपासून करतो. ते त्यातल्या त्यात सोपं आहे.

मी अंबरनाथ एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. आलेला माल तपासायचा, त्यात काय कमी, काय जास्त, कुणी पाणी तर मिसळलं नाही ना, हे बघून सही करायची. एवढंच माझं काम, आणि ते मी चोख करतो. राहायला बदलापूरला, पूर्वेला. घरात तेव्हा आम्ही चौघं होतो — मी, बायको शुभांगी, आठवीतली केतकी आणि माझी आई. आई माहेरची चामटोलीची. वडील गेल्यावर ती आमच्याकडे आली ती कायमची.

उल्हासनगरचे एक सिंधी शेठ आमच्या कंपनीला रिकामे ड्रम पुरवायचे. एका दिवाळीत त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं. त्यांच्या दिवाणखान्यात एका कोपऱ्यात छोटासा बार होता, आणि शेठ स्वतः नॅपकिन खांद्यावर टाकून तिथे उभे होते. ‘साहब, ये पीने की कम, बनाने की चीज ज्यादा है,’ म्हणाले. थंडगार जिन, त्यात थोडी व्हर्मुथ — म्हणजे वनस्पतींच्या वासाची पांढरी, कोरडी वाइन — आणि हिरव्या ऑलिव्हच्या बाटलीतलं खारट पाणी दोन चमचे. डर्टी मार्टिनी म्हणतात तिला. नाव तसलं, पण चीज मोठी टापटिपीची. मापं अचूक लागतात, भांडं गार लागतं, हलवायचं ते हळू. मला वाटलं, अरे, हे तर आपलंच काम. लॅबमध्ये दुसरं काय करतो आपण?

त्याआधी मी पीत नव्हतो असं नाही. कंपनीच्या पार्टीत एखादी बिअर व्हायची. पण घरात नाही. घरात दारूचं नाव काढायची सोय नव्हती, कारण आईचा भाऊ — माझा मामा — चामटोलीला दारूपायी पार वाया जायच्या वाटेवर होता. त्याला त्यातून बाहेर काढला तो मी. हो, मी. दर रविवारी जाऊन त्याच्यासमोर बसायचो, लिव्हरचं चित्र काढून दाखवायचो, आणि शेवटी गणपतीसमोर आईच्या डोक्यावर हात ठेवायला लावून त्याच्याकडून शपथ घेतली. मामाने ती पाळली. तेव्हापासून आई येईल त्याला सांगायची, ‘माझ्या पोरानं थेंबाला हात लावला नाय कधी.’ मी शेजारीच उभा असायचो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. फक्त मी कोरडाही नव्हतो.

आमचं रविवारी संध्याकाळी ठरलेलं असायचं. आई सोसायटीतल्या बायकांबरोबर भजनाला जायची, शुभांगी केतकीला घेऊन बाजारात. मग घर माझं. जिन मी पाण्याच्या साध्या बाटलीत भरून फ्रीझरमध्ये मागे ठेवायचो. एकदा आईच्या हाताला ती बाटली लागली. ‘या बाटलीतलं पानी गोठत कसं नाय रं?’ तिने विचारलं. मी म्हणालो, ते कंपनीतून आणलेलं गाडीच्या बॅटरीचं पाणी आहे, प्यायचं नसतं. तिने बाटली घाईघाईने परत ठेवली आणि हात साबणाने धुतले. पोरगा केमिकलवाला, तो सांगतो म्हणजे असणारच. शुभांगीला बाटलीचं माहीत होतं. ती हसायची आणि सोडून द्यायची.

आता खाराकडे येतो. यावंच लागेल.

आई दर मे महिन्यात मामाच्या झाडाच्या कैऱ्या आणून खारात घालायची. चिनी मातीची मोठी बरणी, उकळून गार केलेलं मिठाचं पाणी, वरून मोहरीची पूड आणि हिंग, कैऱ्या वर तरंगू नयेत म्हणून धुतलेला एक गोटा, आणि तोंडाला घट्ट बांधलेला दादरा — म्हणजे पांढरं फडकं. ओट्याखालच्या कोपऱ्यात ती बरणी बसायची ती गौरींच्या जेवणापर्यंत. त्याआधी फडकं सोडायचं नाही. गौरींना मामा यायचा, आणि त्याच्यासमोर आई बरणी उघडायची. पहिली कैरी चिरून, वर मिरचीची फोडणी देऊन नैवेद्याला. आमच्या घरी गौरींचा खरा मुहूर्त तोच.

एका रविवारी माझी ऑलिव्हची बाटली संपली. फ्रीजमध्ये आदल्या वर्षीच्या कैऱ्यांचा उरलेला खार वाटीभर होता. घालून बघितला. काय सांगू तुम्हाला? ऑलिव्ह त्याच्यापुढे बेचव. आंबट, खारट, मागून हिंगाचा वास आणि मोहरीचा किंचित झटका. सुरीने कैरीची पातळ चकती काढून पेल्यात सोडली. गाळायला चहाची गाळणी, ढवळायला लांब चमचा, पेला स्टीलचा, फ्रीझरमध्ये गारठवलेला. गॅलरीत बसून मी तो एक पेला तासभर पुरवला. इतकं सुख मला पगारवाढीनेही झालं नव्हतं. आणि वाटलं होतं, कुणाला तरी सांगावं की हे मी शोधून काढलंय. कुणाला सांगणार?

वाटीभर खार किती पुरणार? मग मी नव्या बरणीचं फडकं सोडलं.

फडकं सोडायचं, डावाने थोडा खार काढून घ्यायचा, पुन्हा तसंच बांधायचं — आई गाठ कशी मारते ते मी नीट बघून ठेवलं होतं. रविवारमागून रविवार गेले. पावसाळा मध्यावर आला तेव्हा वरच्या कैऱ्या उघड्या पडल्या होत्या. मग मी भर घातली. आधी मीठ विरघळवून, बेताने. माझा तर हातखंडाच तो. पण एका संध्याकाळी बरणी उघडी असतानाच जिन्यात आईचा आवाज ऐकू आला, भजन लवकर संपलं होतं. मी फिल्टरचा नळ सोडला, भांडं भरून साधं पाणी ओतलं, फडकं बांधलं आणि बरणी ढकलून दिली. नंतर मीठ घालू, असं मनात म्हणालो. घातलं नाही. पुढच्या रविवारी पुन्हा खार काढला, पुन्हा साधंच पाणी ओतलं. चव जरा पातळ लागत होती. मला कळत होतं — कळत नव्हतं असं म्हणायचीही मला सोय नाही. मिठाचं प्रमाण एवढं उतरलं की काय होतं हे मी पोटापाण्यासाठी रोज तपासतो.

आता केतकीबद्दल सांगायला हवं.

त्याच वर्षी तिची पाळी सुरू झाली. आईचं म्हणणं होतं, चार दिवस तिने देवाला, लोणच्याला, पापडाला शिवू नये. शुभांगीचा याला विरोध होता, पण सासूशी वाद घालायला ती कंटाळली होती. मी मात्र पुढे झालो. मेडिकलमध्ये जाऊन स्वतः पॅड आणले आणि दुकानदाराने ते काळ्या पिशवीत घालायला घेतले तेव्हा त्याला चार शब्द ऐकवले. घरी सगळ्यांसमोर आईला सांगितलं, ‘या घरात शिवाशिव चालणार नाही. ही नैसर्गिक गोष्ट आहे. विज्ञान काय सांगतं ते मला विचार.’ आई काही बोलली नाही. केतकी माझ्याकडे बघत होती. आपल्या मुलीने आपल्याकडे तसं बघावं म्हणून बाप काय वाटेल ते करतील. मी फुशारलो होतो, आणि त्यात खोटं काही नव्हतं. मला खरंच तसं वाटत होतं, आजही वाटतं.

गौरी आल्या. मामा आला. नैवेद्याची पानं वाढायला घेतली आणि आईने बरणी ओढून पुढे घेतली. फडकं सोडलं. मी हॉलमध्ये होतो, तरी वास तिथवर आला.

वर पांढरी साय आली होती, जाडसर, तिच्यावर काळे ठिपके. कैऱ्या बोट लावताच फुटत होत्या. आई बराच वेळ नुसती बघत राहिली. तिच्या हातची बरणी बिघडल्याचं मी तरी कधी ऐकलं नव्हतं. मग तिने वर बघून विचारलं, ‘बरनीला कोन शिवलं?’

मग केतकी पुढे आली. म्हणाली, आजी, मी एकदा एक कैरी काढली होती, शाळेत मैत्रिणींना द्यायला. चमच्याने काढली, चमचा पुसून घेतला होता. आईने विचारलं, कधी? केतकीने आठवून सांगितलं. आईने पुन्हा विचारलं, तेव्हा तू बाहेरची होतीस का? पोरीला खोटं बोलता आलं असतं. कुणाला कळणार होतं? ती ‘हो’ म्हणाली.

आई तिच्यावर ओरडली नाही. ती माझ्याकडे वळली. ‘तू बोल्लास म्हनून मी गप ऱ्हायले,’ म्हणाली.

इथे मामा मध्ये पडला. साधा माणूस. बरणीत बोट बुडवून त्याने जिभेला लावलं आणि म्हणाला, ‘अक्का, पोरीला कशाला बोलतीस? मीठच कमी हाय ह्यात.’ त्याने जिभेवर ओळखलं ते शंभर टक्के बरोबर होतं. पण आईला ते झोंबलं. सगळं आयुष्य त्या हाताने मीठ घातलेलं. तिचे डोळे भरून आले. ‘माझ्या हाताला मीठ कमी पडलं व्हय?’ आणि मग दोघंही माझ्याकडे बघायला लागली. मामा म्हणाला, ‘भाच्या, तूच सांग. तुझं कामच हाय ते.’

बघा, किती सोपं होतं. मामाचं बरोबर आहे, एवढंच म्हणायचं. ते चाललं नसतं तर खरं सांगायचं — खार मी काढला, पाणी मी ओतलं. पण का काढला, हा प्रश्न आला असता. फ्रीझरमधली बाटली निघाली असती, तीही कुणासमोर? ज्याच्याकडून मी शपथ घेतली त्या मामासमोर. ज्या आईच्या डोक्यावर त्याने हात ठेवला होता तिच्यासमोर. हे सगळं क्षणभरात माझ्या डोक्यातून गेलं. घाबरलो होतो म्हणून तोंडातून काहीतरी निसटलं, असं नाही. मी विचार केला आणि मग बोललो.

मी म्हणालो, ‘नाही मामा. मीठ बरोबर असणार. आईचा हात चुकायचा नाही.’

यातला कुठला शब्द खोटा आहे? आईचा हात खरंच चुकला नव्हता. आईने पदराने डोळे पुसले, तिला बरं वाटलं. मामाने मान डोलावली — भाचा क्वालिटीवाला, तो म्हणतो म्हणजे झालं. पण मीठ बरोबर, आईचा हात बरोबर, तर मग उरलं कोण? तेरा वर्षांची मुलगी उरली. मी सही करून तिला नापास केलं होतं.

आणि तेवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ... नाही, थांबलो नाही. शुभांगी चिडून आईला काहीतरी बोलायला लागली तसा मी हात वर करून तिला गप्प केलं, आणि केतकीला म्हणालो, ‘आजीचं जरा ऐकत जा गं.’

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. आपल्याला काहीतरी चुकीचं सांगितलं गेलं होतं आणि खरं काय ते आत्ता कळलं, तसा तिचा चेहरा झाला. मीच तिला सांगितलं होतं ना, विज्ञान काय म्हणतं ते मला विचार? आता विज्ञानानेच सांगितलं. मग तिने हातातला पाट खाली ठेवला आणि आतल्या खोलीत गेली.

त्या रात्री शुभांगी माझ्याकडे पाठ करून झोपली. मी तिला म्हणालो, आईचं वय झालंय, सणाचा दिवस, कशाला वाद. समजूतदार मुलगा, समजूतदार बाप. आणि मार्टिनीचं काय, विचाराल तर — मी ती सोडली नाही. पुढच्याच महिन्यात उल्हासनगरहून ऑलिव्हची मोठी बाटली आणली.

आईने नंतर बरणी घालणं बंद केलं. अधूनमधून विषय काढायची, केतकीच्या देखत, पाहुण्यांच्या देखत. ‘एकदा नासली ती नासलीच.’ मला वाटलं होतं, पोरगी विसरेल. या पिढीच्या मुली कुठे असलं मनावर घेतात? पण केतकी न सांगता पाळायला लागली. चार दिवस ओट्याजवळ यायची नाही. पुढच्या गणपतीत नेमके तिचे ते दिवस आले. आम्ही हॉलमध्ये आरती म्हणत होतो आणि आतल्या खोलीच्या बंद दारामागून टाळ्यांचा आवाज येत होता, आमच्या ठेक्यावर. शुभांगी म्हणाली, बाहेर ये गं. ती म्हणाली, नको मम्मी, उगीच काहीतरी व्हायचं. हे ‘उगीच काहीतरी व्हायचं’ तिच्या बोलण्यात कुठून आलं, हे त्या घरात एकट्या मला माहीत होतं. मी आरती म्हणत राहिलो, आवाज जरा चढवून.

तिने फार्मसी केली. सूक्ष्म जंतू, बुरशी, मिठाचं प्रमाण — सगळं शिकली, पहिल्या वर्गात पास झाली. मला आतून भीती वाटायची, एक दिवस ती हिशोब मांडेल आणि विचारेल, पप्पा, तेव्हा मीठ नक्की बरोबर होतं ना? तिने कधीच विचारलं नाही. पप्पांनी सांगितलंय म्हटल्यावर ती कशाला तपासेल?

गेल्या वर्षी आई आजारी पडली. अर्ध्या अंगावरून वारं गेलं, शुद्ध येऊन-जाऊन असायची. तिचं सगळं केतकीने केलं. पेज भरवणं, पाठीला पावडर लावणं, केस विंचरणं. आणि त्या चार दिवसांत ती खोलीच्या दारात उभी राहायची, औषधाची वाटी शुभांगीच्या हातात द्यायची आणि तिथूनच बघायची. आईला तर आजचा वारही कळत नव्हता. आता नको म्हणणारं कोण होतं? कुणीच नव्हतं. मी तिला तसं सांगूही शकलो असतो. एकदा सांगायला उठलोही, आणि पाणी पिऊन परत बसलो.

आई गेली ती अशाच एका दिवशी. श्वास अडकायला लागला तेव्हा आम्ही एकेक करून तिच्या तोंडात चमचाभर पाणी घातलं — मी, शुभांगी, चामटोलीहून धावत आलेला मामा. मामाने मागे वळून हाक मारली, ‘ये पोरी, आजीला पानी दे.’ केतकीने दारातूनच मान हलवली. दोन्ही हात तिने पाठीमागे बांधून घेतले होते. शुभांगीने तिला खूण केली, मामाने पुन्हा बोलावलं. मग ती माझ्याकडे बघायला लागली. मी काय म्हणतो याची वाट बघत होती ती. चमचा माझ्या हातात होता.

मी मान खाली घातली. थोड्या वेळाने आई गेली.

गेल्या महिन्यात केतकीला पुण्यात नोकरी लागली. तिला सोडायला मी एकटाच गाडीने निघालो होतो. वाटेत कर्जतच्या पुढे ती आजीबद्दल बोलायला लागली. आजीचे लाड, आजीची भजनं, आजीने शिकवलेली पहिली चकली. मग म्हणाली, ‘पप्पा, एक सांगू? त्या बरणीवरून आजी मला शेवटपर्यंत बोलत राहिली. चूक माझीच होती, मला माहितीये. पण तुम्ही नंतर एकदाही तो विषय काढला नाहीत. मला खूप वाटायचं तुम्हाला थँक्यू म्हणावं.’

समोर घाट होता. मी गिअर बदलला. काही क्षण गेले असतील, आणि त्यातला एकेक मला हवा तेवढा मोठा होता.

‘अगं, त्यात काय,’ मी म्हणालो.

तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. पुण्यापर्यंत ती झोपून होती.